जुना रिसिव्हर लगेच भंगारात काढू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात टीव्ही, मोबाईल, साउंडबार यांच्या नव्या मॉडेलची माहिती नेहमी येते आणि मी ती आवडीने वाचते, पण ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला होम थिएटरचा रिसिव्हर (प्लेअर आणि स्पीकर यांच्यामधला मुख्य डबा) आणि पाच चांगले स्पीकर आहेत आणि हाताशी पैसे मोजकेच आहेत त्यांच्यासाठी कुणीच काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र. अशी माणसं भरपूर आहेत हो. घरी नवा फोर-के टीव्ही येतो, प्लेअर नेहमीसारखा रिसिव्हरमधून जोडला की स्क्रीन काळी पडते नाहीतर चित्र साध्या एचडीवर अडकतं, मग विकणारा सांगतो की सगळा सेटच बदला, आणि अजून वीस वर्षं वाजले असते असे स्पीकर निघून जातात आणि त्यांच्या जागी बारीकसा साउंडबार येऊन बसतो. मला हे खरंच बघवत नाही.

मुळात रिसिव्हर म्हणजे एकाच डब्यात बसवलेल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भाग स्पीकरला ताकद देणारा, त्यात जाडजूड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, हीटसिंक, आउटपुट ट्रान्झिस्टर. दुसरा भाग सॉकेट आणि चिपचा, म्हणजे एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारं सॉकेट), डॉल्बी-डीटीएस या सराउंड आवाजाच्या फॉरमॅटचे डीकोडर, वायफाय वगैरे. पहिला भाग वीस वर्षांपूर्वी जसा बनायचा जवळपास तसाच आजही बनतो, उलट त्या काळच्या मधल्या रेंजच्या मशीनमधला ट्रान्सफॉर्मर आजच्या स्वस्त मॉडेलपेक्षा बरेचदा दणकट असतो, दोन्ही उचलून बघितलं तरी कळतं. दुसरा भाग मात्र पाच-सहा वर्षांत मागे पडतो. रिसिव्हर जुना झाला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हा दुसरा भागच जुना झालेला असतो, पण नवीन घेताना पैसे दोन्ही भागांचे जातात. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की आधी आपल्याकडचा कुठला भाग मागे पडलाय ते ओळखा आणि फक्त त्याच्यावर पैसे घाला.

आता हा सॉकेटचा भाग मागे पडतो म्हणजे काय होतं. एचडीएमआयचं पहिलं व्हर्जन २००२ च्या डिसेंबरात आलं. २००६ च्या १.३ मध्ये ब्ल्यू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ट्रॅक जसेच्या तसे केबलमधून पाठवायची सोय झाली, २००९ च्या १.४ मध्ये आर्क आलं म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलटा रिसिव्हरकडे यायला लागला, २०१३ च्या २.० ने फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने न्यायला सुरुवात केली आणि २०१७ च्या २.१ मध्ये ४८ गिगाबिटपर्यंतचा वेग, फोर-के १२० फ्रेम, गेमवाल्यांसाठी व्हीआरआर (गेमच्या वेगाशी टीव्हीचा फ्रेमचा वेग जुळवणारी सोय) आणि आर्कचा मोठा भाऊ ई-आर्क. याशिवाय एचडीसीपी नावाचं कॉपी रोखणारं कुलूप वेगळंच. फोर-के सिनेमांना आणि सिरीजना एचडीसीपी २.२ लागतं आणि मधला एक जरी डबा ते ओळखत नसेल तर चित्र येतच नाही किंवा खालच्या दर्जाचं येतं. २०१४ च्या आधीच्या रिसिव्हरमध्ये ते नसतं. म्हणजे काळी स्क्रीन दिसली की लोक केबल बदलत बसतात, टीव्हीवाल्याला बोलावतात, आणि बिघाड असा कुठेच नसतो.

मग चित्र रिसिव्हरमधून न्यायचंच कशाला? प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेम कन्सोल सगळं सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसिव्हरकडे आणा. रिसिव्हरला आर्क असेल तर एका एचडीएमआय केबलने काम होतं, टीव्हीवरच्या आर्क लिहिलेल्या सॉकेटमधून रिसिव्हरच्या एचडीएमआय आउटमध्ये, हो, आउटमध्येच, इथे बरेच जण गडबडतात आणि इन मध्ये लावून आवाज येत नाही म्हणतात. आर्क नसेल तर मागे ऑप्टिकल नावाचं छोटं चौकोनी झाकणाचं सॉकेट बघा, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या रिसिव्हरवर सुद्धा ते असतंच. एक ऑप्टिकल केबल ही या सगळ्या अपग्रेडमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि निम्म्या घरांचा प्रश्न तिच्यावरच मिटतो असं माझं मत आहे.

पण केबल लावून थांबू नका, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट शोधा. तिथे बरेचदा पीसीएम (टीव्हीनेच उलगडून दिलेला आवाज) निवडलेलं असतं आणि पीसीएमवर ऑप्टिकलमधून फक्त दोन चॅनल जातात, मग मागचे स्पीकर गप्प आणि आपण म्हणतो रिसिव्हर गेला. ते बिटस्ट्रीम (न उलगडता जसाच्या तसा आवाज) किंवा पास-थ्रू किंवा ऑटो करा, टीव्हीप्रमाणे नाव वेगळं असतं. रिसिव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल उमटलं की काम झालं. गेम कन्सोल असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पण लिनियर पीसीएमऐवजी डॉल्बीचं बिटस्ट्रीम निवडायचं. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, तिथे प्लेअरलाच डॉल्बीमध्ये किंवा पीसीएममध्ये बदलून द्यायला सांगावं लागतं. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर टीव्हीत किंवा रिसिव्हरमध्ये लिप-सिंक किंवा ऑडिओ डिले असतं, थोडं थोडं सरकवून बातम्या लावून बघा, समोर बघून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते लगेच कळतं.

यात गमावतो काय ते पण सांगते. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस ५.१ (पाच स्पीकर आणि एक बेसचा सबवूफर) येतं, ट्रूएचडी सारखे लॉसलेस म्हणजे काहीही न गमावता साठवलेले ट्रॅक येत नाहीत, आर्कमधूनही ते येत नाहीत, त्यांना ई-आर्क किंवा थेट एचडीएमआय लागतं. पण स्ट्रीमिंगवर जे अॅटमॉस (डॉल्बीचा वरूनही आवाज देणारा फॉरमॅट) म्हणून येतं ते मुळातच डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या फॉरमॅटमध्ये येतं, लॉसलेस नसतंच, त्यामुळे ज्यांचं सगळं बघणं स्ट्रीमिंगवर आहे त्यांचे जुन्या रिसिव्हरवर फक्त वरून येणारे आवाज जातात, बाकी पुढचं-मागचं सगळं येतं. ब्ल्यू-रे डिस्क बघणाऱ्यांनी दोन एचडीएमआय आउट असलेला प्लेअर शोधावा, एक केबल टीव्हीला चित्रासाठी आणि दुसरी रिसिव्हरला आवाजासाठी, म्हणजे जुन्या रिसिव्हरवर सुद्धा लॉसलेस ट्रॅक पूर्ण मिळतो, फक्त रिसिव्हर १.३ च्या काळातला किंवा त्यानंतरचा आणि ते फॉरमॅट ओळखणारा हवा. त्याहून जुना असेल आणि मागे सहा किंवा आठ आरसीए (गोल पिनच्या) सॉकेटचा मल्टिचॅनल इनपुट असेल तर तसे अॅनालॉग आउट असलेला प्लेअर स्वतः डीकोड करून देतो. हे इनपुट आता नव्या स्वस्त मॉडेलमधून गायब झालेत याचं मला वाईट वाटतं, तेच जुन्या मशीनचं आयुष्य वाढवतात.

आता वॅट, कारण नवा रिसिव्हर घ्यायला लोक सगळ्यात जास्त भुलतात ते इथे. एकाच मशीनच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर तीन-तीन आकडे असतात. ८ ओहम, दोन चॅनल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन असं लिहिलेलं असेल तिथे ८० वॅट, आणि तेच मशीन ६ ओहम, एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शन अशा अटींवर मोजलं की दीडशेच्या वर. खोक्यावर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापतात ते सांगायला नको. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे फाटलेला आवाज, तो ऐकायला कुणी सिनेमा लावत नाही. आणि पाच-सात चॅनल एकदम चालवले की प्रत्येकाच्या वाट्याला किती येतात हे बरेचदा लिहिलेलंच नसतं.

बरं आकडा खरा धरला तरी ८० चे १०० वॅट झाले की आवाज वाढतो सुमारे १ डेसिबल, नीट लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतपत. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात आणि आवाज कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. साधा स्पीकर १ वॅटवर १ मीटरवरून ८७ डेसिबल देत असेल तर ३ मीटरवर बसलेल्या माणसाला १ वॅटमध्ये ७७-७८ डेसिबल मिळतात, खोलीच्या भिंतींमुळे थोडे जास्तच, आणि घरात बोलणं ऐकायला ६५-७० पुरतात. म्हणजे सिनेमाचा बराच वेळ रिसिव्हर प्रत्येक स्पीकरला १ वॅट सुद्धा देत नसतो, स्फोट वगैरे ९० डेसिबलपर्यंत गेले तरी १८-२० वॅटमध्ये भागतं. म्हणून बारा वर्षं जुना ७०-८० खऱ्या वॅटचा रिसिव्हर मधल्या आकाराच्या खोलीला आजही पुरतो. जास्त ताकदीची खरी गरज मोठी खोली, ४ ओहमचे अवघड स्पीकर आणि कमी सेन्सिटिव्हिटीचे म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये कमी आवाज देणारे स्पीकर यांना असते, आणि तिथेही रिसिव्हरला प्री-आउट (बाहेरचा अॅम्प जोडायचं सॉकेट) असेल तर फक्त पुढच्या दोन स्पीकरसाठी वापरलेला स्टिरिओ पॉवर अॅम्प जोडणं नव्या रिसिव्हरपेक्षा स्वस्त पडतं.

अर्थात जुनं मशीन खरंच बिघडू पण शकतं. सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे एका बाजूचा स्पीकर सुरुवातीला वाजत नाही किंवा खरखरतो आणि व्हॉल्यूम एकदम वाढवला की कट्कन चालू होतो आणि मग तासभर नीट वाजतो. हा बहुतेक वेळा आत असलेल्या स्पीकर रिलेचा दोष असतो, मशीन चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी जो टक् आवाज येतो ना तोच रिले, त्याच्या कॉन्टॅक्टवर काळा थर चढतो आणि हळू आवाजाचा बारीक करंट त्यातून जात नाही. पार्ट किरकोळ किमतीचा आहे, जाणकार मेकॅनिक बदलून देतो. सगळ्या स्पीकरमधून सतत हम्म्म येत असेल तर केबल आणि अर्थिंग बघून झाल्यावर कपॅसिटरवर संशय घ्यावा, त्यातलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने सुकतं, म्हणूनच रिसिव्हरच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका आणि बंद कपाटात कोंडू नका, वर चार बोटं तरी मोकळी ठेवा. मशीन चालू करताच प्रोटेक्ट दाखवून बंद पडत असेल तर आधी प्लग काढून मागच्या सगळ्या स्पीकर वायर सोडवा आणि मग चालू करून बघा, कितीतरी वेळा वायरची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला चिकटलेली असते, बाकी काहीच नसतं. एचडीएमआय बोर्ड गेला तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका, जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळत नाही, मिळालाच तर तितक्यात दुसरं मशीन येतं, ऑप्टिकलवर चालवा. आणि झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, शॉक जोरदार बसतो.

एवढं करूनही बदलायचं ठरलं, म्हणजे अॅटमॉस हवंच आहे किंवा मशीन उठतच नाही, तर कमी बजेटमध्ये माझा कौल नव्या सगळ्यात स्वस्त मॉडेलपेक्षा वापरलेल्या मधल्या रेंजच्या मॉडेलला आहे. अॅटमॉस घरगुती रिसिव्हरमध्ये २०१४ ला आलं, डीटीएसचा तसाच फॉरमॅट डीटीएस:एक्स २०१५ ला, त्यामुळे २०१६ ते २०१९ मधल्या मॉडेलना दोन्ही असतं, एचडीसीपी २.२ असतं, फोर-के ६० असतं, २०१८ च्या काही मॉडेलना ई-आर्क नंतर फर्मवेअर अपडेटने मिळालं. गेमवाले १२० फ्रेमसाठी २.१ कडे पळाले म्हणून ही मशीन्स स्वस्तात निघतात, आणि कन्सोल थेट टीव्हीला लावून ई-आर्कने आवाज घेतला तर गेमवाल्यांना सुद्धा २.१ चा रिसिव्हर लागत नाही. उलट २०२० मध्ये आलेल्या पहिल्या काही २.१ रिसिव्हरमध्ये चिपच्या दोषामुळे गेमचं फोर-के १२० चित्र काळं पडायचं, त्या काळातलं मशीन गेमसाठी घेत असाल तर त्याची दुरुस्ती झालीय का ते विचारून घ्या. वापरलेलं घेताना चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, सगळे एचडीएमआय सॉकेट एकेक करून तपासा, प्रत्येक चॅनलवर टेस्ट टोन फिरवा, अर्धा तास चालू ठेवून वास येतो का बघा, आणि सेटअपचा छोटा मायक्रोफोन सोबत आहे का ते आवर्जून विचारा. तो नसेल तर ऑटो सेटअप करता येत नाही आणि दुसऱ्या मॉडेलचा माइक नेहमी जुळतोच असं नाही.

आणि हा माइक ज्यांच्याकडे आहे त्यांनी तरी तो वापरलाय का? बरेचदा तो अजून पिशवीतच असतो. ऑडिसी, वायपाओ, एमसीएसीसी, प्रत्येक ब्रँडचं नाव वेगळं पण काम एकच, स्पीकरचं अंतर, आवाजाची पातळी आणि खोलीने केलेली गडबड मोजून दुरुस्त करणं. माइक बसल्यावर कानाच्या उंचीवर ठेवा, सोफ्याच्या पाठीवर टेकवून नको, पंखा बंद, सगळे गप्प. झाल्यावर निकाल डोळे झाकून मान्य करू नका, बरेच रिसिव्हर साध्या स्पीकरला लार्ज (खोल बेस पेलणारा) ठरवतात, ते स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर आणा म्हणजे खालचा बेस पॉवर्ड (स्वतःचा अॅम्प असलेल्या) सबवूफरकडे जातो आणि जुन्या अॅम्पवरचा मोठा बोजा उतरतो. संवाद कळत नाहीत ही तक्रार घरोघरी आहे, त्यासाठी सेंटर स्पीकर कानाकडे तिरका करा आणि त्याची पातळी २-३ डेसिबल वाढवा, रात्री डायनॅमिक रेंज किंवा नाइट मोड चालू करा. यात पैसा लागत नाही, एक संध्याकाळ लागते.

उरलेले पैसे मी पहिल्यांदा सबवूफरवर घालेन, नंतर सेंटर स्पीकरवर, छतातल्या स्पीकरचा नंबर माझ्या यादीत बराच खाली आहे. केबलवर तर अजिबात उधळू नका, साध्या लांबीला १६ गेजची तांब्याची स्पीकर वायर पुरते, आणि एचडीएमआयला १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड किंवा ४८ साठी अल्ट्रा हाय स्पीड असं प्रमाणित लेबल असलं की बास, सोन्याचा मुलामा वगैरे डिजिटल चित्रात काही भर घालत नाही.

कंपन्यांकडून माझी मागणी साधी आहे, खोक्यावर सगळे चॅनल चालू असतानाचे ८ ओहमचे वॅट छापा, कुठल्या सॉकेटला किती गिगाबिट ते छापा, कारण २.१ लिहिलेल्या बऱ्याच रिसिव्हरचे सॉकेट ४८ ऐवजी ४० गिगाबिटचेच असतात, आणि रिले, माइक, रिमोट हे तीन पार्ट मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं मिळतील असं बघा. अमेरिकेत अॅम्पच्या जाहिरातीतले वॅट कसे मोजायचे यासाठी १९७४ पासून सरकारी नियम आहे आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तो पुन्हा सुधारला, म्हणजे हे करता येतं.

आणि आपल्याकडून, संपादक साहेब, एवढीच विनंती की नव्या मॉडेलची ओळख छापताना ज्याच्याकडे आधीच रिसिव्हर आहे त्याला यात नेमकं काय जास्त मिळेल हे दोन ओळींत लिहायला सांगा, आणि जमलं तर एखाद्या रविवारी जुनी ऑडिओ मशीन्स दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक लोकांना बोलतं करा, कुठल्या बिघाडाला किती खर्च येतो आणि कुठल्या मशीनला हात लावण्यात अर्थ नाही हे त्यांच्याइतकं नीट कुणीच सांगू शकणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक